काचपेटीतला समुद्र



मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली सुरू झाले. त्याच्या काचांना नाक चिकटवून परतणाऱ्या मुलाने वडिलांपाशी एकच हट्ट धरावा, की "असा समुद्र आपल्या घरी आणू या ना!" समुद्र घरी आणता येतो, पण तो आणताना नवखा माणूस हटकून एक चूक करतो. मीही ती केली आहे. सोमवारी पेटी भरली, मंगळवारी चार मासे आणले आणि पुढच्या सोमवारी त्यांतला एकही जिवंत नव्हता. पाणी मात्र आरशासारखे नितळ होते! मग ते मासे मेले कशाने?

ते मेले स्वतःच्याच उत्सर्गाने. मासा कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतो. समुद्रात तो अफाट पाण्यात विरून जातो. पेटीत तो साठतो, आणि डोळ्यांना दिसत नाही. निसर्गाने यावर तोड ठेवली आहे. काही जीवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसरे जीवाणू त्या नायट्राइटचे नायट्रेट करतात आणि ते बरेच निरुपद्रवी असते. हे जीवाणू वाळूच्या कणांवर, दगडांच्या छिद्रांत आणि गाळणीत वस्ती करतात. नव्या पेटीत ही वस्तीच नसते.

आपल्या भगिनींना हे मी काय सांगावे? विरजण लावल्याबरोबर कोणी दही वाढावयास घेत नाही. पेटीचेही तसेच आहे. पाणी, वाळू, दगड, गाळणी सारे सिद्ध झाले, की त्यात माशांच्या खाद्याची चिमूट टाकावी आणि थांबावे. बाजारात पाण्याची परीक्षा करण्याची साधने मिळतात. त्यांवर प्रथम अमोनिया चढताना व उतरताना दिसेल, मग नायट्राइट चढेल व उतरेल. दोन्ही शून्यावर आली आणि नायट्रेट दिसू लागले, की विरजण लागले असे समजावे. याला साधारणपणे चार ते सहा आठवडे लागतात. तोवर रिकामी पेटी पाहून शेजारी हसतील, हसू द्यावे.

आता सामग्रीकडे वळू. पेटी शंभर लिटरांहून लहान नसावी. लहान पेटी स्वस्त खरी, पण थोड्या पाण्यात लहानशी चूकही लगेच महाग पडते. शंभर लिटर पाणी, काच, वाळू व दगड मिळून भार दीडशे किलोच्या घरात जातो. तेव्हा ती डुगडुगत्या टेबलावर किंवा उन्हाच्या खिडकीत ठेवू नये.

मीठ कोणते? स्वयंपाकघरातले नव्हे. ते बहुतांशी सोडियम क्लोराइड असते. समुद्राच्या पाण्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम इत्यादी क्षारही असतात. म्हणून मत्स्यालयासाठी तयार केलेले क्षारमिश्रण घ्यावे. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्या मानाने शंभर लिटरांना साडेतीन किलोच्या आसपास मिश्रण लागेल. घनतामापक १·०२५ च्या जवळपास दाखवील तेथे थांबावे. नळाच्या पाण्यातले क्लोरीन आधी घालवावे. चौपाटीवरून घागर भरून आणण्याचा मोह टाळावा. शहराकाठचे पाणी सांडपाण्याने दूषित असते, आणि पावसाळ्यात नद्यानाल्यांमुळे त्याचा खारटपणाही उतरतो.

पुढे एक साधी गोष्ट माणसे विसरतात. उडून जाते ते पाणी, मीठ नव्हे. म्हणून पेटीतली पातळी उतरली, की गोडे पाणी घालावे. खारे घालीत गेलो तर समुद्र दिवसेंदिवस अधिक खारट होत जाईल. मात्र दर पंधरवड्यास दहावा हिस्सा पाणी काढून तितकेच नवे खारे पाणी घालावे, म्हणजे साठलेले नायट्रेट निघून जाते.

वीज गेली तर काय? १८४६ साली अ‍ॅना थिन या बाईंनी टॉर्कीच्या किनाऱ्यावरून जिवंत प्रवाळ लंडनला आणले. तेव्हा ना विजेचा पंप, ना गाळणी. त्यांच्या घरची मोलकरीण खिडकीपाशी उभी राहून ते पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात ओतीत असे, म्हणजे त्यात हवा मिसळे. आपला पंप तेच काम करतो. तो बंद पडला तर मासे आणि जीवाणू दोघांनाही प्राणवायू कमी पडतो. तेव्हा तांब्याने पाणी उंचावरून ओतावयास लागावे!

शेवटी मासे. आरंभी दोनच आणावेत, आणि तेही शक्यतो पैदास केंद्रात वाढलेले. विदूषक माशाची पैदास आपल्याकडे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने यशस्वी केली आहे. असा मासा पेटीत चांगला रुळतो. प्रवाळ आणि समुद्रघोडे यांना मात्र १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. किनाऱ्यावरून ते उचलून आणू नयेत.

माझ्या दुसऱ्या पेटीत मासे आले ते सातव्या आठवड्यात. घरातील मुलाने तोवर रोज परीक्षेच्या नळीतला रंग पाहून वहीत टिपून ठेवला होता. मासे आणण्याचा दिवस त्यानेच सांगितला, आणि ते मासे जगले.