नजर आणि रोजी (भाग ४) : ऑपरेशन फुकट, पण खाडा कोण भरून देणार?

मोतीबिंदूवर थेंबांचा इलाज नाही, गढूळ झालेलं भिंग काढून कृत्रिम भिंग बसवावं लागतं, हे आपण मागच्या आठवड्यात पाहिलं. ही शस्त्रक्रिया सरकारी दवाखान्यात फुकट होते. राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६ पासून चालू आहे. तरीही अंगमेहनतीवर पोट असलेली कितीतरी माणसं वर्षानुवर्षं अंधुक नजरेनंच काम ओढतात.

असं का होतं, याचं उत्तर मदुराईत सापडतं. डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी सरकारी नोकरीतून निवृत्त झाले आणि १९७६ मध्येच त्यांनी तिथे ११ खाटांचं अरविंद नेत्र रुग्णालय काढलं. तरुणपणीच्या संधिवातानं त्यांची बोटं वेडीवाकडी झाली होती, त्याच बोटांनी ते शस्त्रक्रिया शिकले. ज्यांना परवडतं त्यांच्या फीमधून बाकीच्यांचा खर्च निघतो. १९९२ पासून ‘ऑरोलॅब’ ही त्यांची संस्था स्वतःच भिंगं बनवू लागली आणि महागड्या परदेशी भिंगांवरचं अवलंबित्व संपलं. शिबिरात मोतीबिंदू आढळला की रुग्णाला बसनं नेतात, ठेवून घेतात, जेवू घालतात आणि परत आणून सोडतात.

एवढं करूनही, गावांमध्ये पाहणी झाली तेव्हा डोळ्यांचा त्रास असलेल्या दहांमधला एकसुद्धा शिबिरापर्यंत पोचत नसल्याचं दिसलं. सोबतीला कोणी नाही, घर कोण बघणार, मजुरी बुडते, शिवाय ‘अजून चालतंय की’. मग गावांजवळ कायमची दृष्टी केंद्रं उघडली. तिथे तंत्रज्ञ तपासतो, मदुराईचा डॉक्टर पडद्यावरून बोलतो आणि चष्मा तिथेच मिळतो. मला हा बदल शस्त्रक्रियेइतकाच मोलाचा वाटतो.

आपल्याकडे ऊसतोडीचंच बघा. ‘कोयता’ म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एक जण दवाखान्यात गेला की दोघांचं काम अडतं आणि खाड्याचा दंड मुकादमाकडून आगाऊ घेतलेल्या उचलीच्या देण्यात चढतो. अशा जोडीतल्या बाईला ऐन तोडणीच्या हंगामात, जानेवारीत, ‘मोफत शिबिराला या’ म्हणून काय उपयोग? गावी परतल्यावर, पावसाळ्याच्या तोंडावर, तिच्याच गावात तपासणी ठेवली पाहिजे. नाहीतर कारखान्याच्या तळावर, कोप्यांपाशी, अंधार पडायच्या आत जायला हवं.

चष्म्याची गोष्ट तर याहून सोपी. चाळिशीनंतर जवळचं दिसेनासं होतं. सुईत दोरा ओवता येत नाही, तांदळातले खडे दिसत नाहीत. आसामच्या चहामळ्यात चाळिशी ओलांडलेल्या मजुरांना जवळचा चष्मा देऊन पाहिला. दोन पानं आणि एक कळी अचूक खुडायची तर नजर साफ लागते. ज्यांना चष्मा दिला त्यांचं काम, न दिलेल्यांच्या मानानं, सुमारे २२ टक्क्यांनी वाढलं. हा अभ्यास २०१८ मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये छापून आला. तिथे ठरलेल्या वजनापेक्षा जास्त पानं खुडली की जास्त पैसे मिळतात, म्हणून चष्म्याचा फायदा थेट हातात पडतो.

तुमच्या घरी किंवा कामावर कोणाला अंधुक दिसत असेल, तर मोतीबिंदू ‘पिकायची’ वाट बघू देऊ नका. रोजच्या कामाला अडचण होऊ लागली की दाखवावं. शिबिराचा कागद हाती आला तर आधी नेण्या-आणण्याची सोय विचारा, सोबत्याच्या जेवणाचंही विचारा. आणि शस्त्रक्रियेनंतरची तपासणी कुठे आणि कधी, हे लिहूनच घ्या. डोळा लाल झाला, दुखू लागला किंवा दिसणं कमी झालं, तर त्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

पुढच्या आठवड्यात : मधुमेह आणि डोळ्याचा पडदा.