ताई-ची: संथ, पण सोपे नव्हे
नेदरलँड्समधल्या, समुद्रसपाटीखालच्या हूफडॉर्पमध्ये रस्त्यांना चढ नाही. पण वय झाले की पाय सपाटीवरही अडखळतोच. म्हणून मुलांकडे राहायला येणाऱ्या मराठी आईवडिलांनी ताई-ची हा संथ हालचालींचा चिनी व्यायाम जरूर शिकावा. त्याचा गाभा भार पेलण्यात आहे: एक पाय भरलेला, दुसरा रिकामा; आधी टाच टेकवायची, मगच वजन पुढे न्यायचे. ‘एवढ्या संथपणात कसला व्यायाम?’ ही शंका रास्त आहे. पण वेगाची मदत नसल्याने तोल सावरायला मांड्यांनाच राबावे लागते. २०१२मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ओरेगनमधील १९५ पार्किन्सन रुग्णांवरच्या चाचणीत ताई-ची करणाऱ्यांचा तोल नुसते ताणाचे व्यायाम करणाऱ्यांपेक्षा सुधारला, पडणेही घटले. आजार बरा होत नाही, हे खरेच. योगासने करणाऱ्यांनी ती सोडू नयेत. जोडीला चांगला शिक्षक गाठून भार बदलायला मात्र शिकावे.