शेळीचें मूळ व आपला पावसाळा

देवनारच्या बाजारांत दिसणाऱ्या शेळीचें मूळ सह्याद्रींत नाहीं. पश्चिम आशियांतील बेझोअर नांवाच्या रानशेळीपासून ती सुमारें १०,००० वर्षांपूर्वीं माणसाळली. इराणांतील झाग्रोस डोंगरांत गंज दरेह येथें सांपडलेल्या हाडांवरून दिसतें कीं, तेथील लोक नर कोवळेपणींच कापीत व माद्या वेतासाठीं राखीत. आपले धनगर आजही निराळें काय करितात? त्या हाडांतील जनुकेंही पाळीव शेळीशीं जुळतात.

कोरड्या खडकांवरील ह्या प्राण्यास ओल सोसत नाहीं. म्हणून बोरिवली-मुलुंडकडे शेळी पाळणारांनीं कोरड्या मुलखांतील उस्मानाबादीपेक्षां सिंधुदुर्गाकडील कोंकण कन्याळ पाहावी, असें आम्हांस वाटतें. जात कोणतीही असो, जमिनीपासून उंच फळ्यांचा माचा मृगापूर्वींच बांधावा. चिखलांत खूर कुजतात.