लेकरू उत्तर कसं देणार, हे त्यालाही विचारा

गटाच्या बैठकीत हप्त्यांचा हिशेब झाला की विषय हटकून मुलांच्या अभ्यासावर येतो. "घरी सगळं घडाघडा सांगते, पेपरात मात्र पान कोरं," ही तक्रार मी इतक्यांदा ऐकली आहे, की आज त्यावरच बोलू म्हटलं.

आधी आपल्याच गटाकडे बघा. पाच हजारांचं कर्ज, महिना दोन टक्के व्याज, चार महिने मुद्दल फिटलं नाही. व्याज किती? कशीबशी सही करणारी आपली ताई 'चारशे' असं बसल्या जागी सांगते. तिलाच कागदावर सूत्र मांडायला सांगा, गप्प बसेल. म्हणून तिला व्याज कळत नाही असं म्हणायचं का? बहिणाबाई चौधरी तर आपल्या खानदेशातल्याच. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. घरच्या माणसांनी त्यांची गाणी उतरवून घेतली, म्हणून त्यांच्या पश्चात १९५२ साली पुस्तक निघालं.

मुलाला किती कळलं ही एक गोष्ट, आणि ते त्याने कसं दाखवलं ही दुसरी. पांझरेची फडपद्धत घ्या. साक्री, धुळे तालुक्यांत नदीवर बंधारा घालून पाटाने पाणी शेतात न्यायची ही जुनी रीत. भिजणाऱ्या जमिनीचे फड पाडायचे, एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, पाटकऱ्याने पाळीने पाणी द्यायचं. पाणी शेतापर्यंत कसं येतं आणि एका फडात एकच पीक का, एवढं मुलाला कळलं की नाही ते बाईंना तपासायचंय. मग एक मुलगी दहा ओळी लिहील. दुसरी शाळेच्या अंगणात चिखलाचा बंधारा घालून पाणी सोडून दाखवेल. तिसरा नकाशा काढेल. चौथा आजोबांना विचारून येईल आणि वर्गात अहिराणीत सांगेल. घरी अहिराणी, पावरी, भिली बोलणाऱ्या लेकराला पुस्तकी मराठीत लिहायला लावणं म्हणजे एका वेळी दोन परीक्षा.

प्रश्न मात्र चौघांना तेच हवेत. बंधारा फुटला तर काय होईल? एकाने मधेच ऊस लावला तर बाकीच्यांच्या पाळीचं काय? ज्याला हे सांगता येत नाही, त्याचा बंधारा कितीही सुबक असो, गुण कमीच. ही अट सुटली की उरते नुसती हस्तकला, आणि ती बहुतेक वेळा आईने रात्री जागून केलेली असते. थर्माकोलचे किल्ले कुणी केले ते आपल्याला माहीत आहे!

यासाठी नवा नियम लागत नाही. शिक्षणहक्क कायद्यानंतर महाराष्ट्राने २०१० साली सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आणलं. त्यात पहिली-दुसरीला १०० पैकी ७० गुण आकारिक, म्हणजे वर्षभर शिकताशिकता तपासायचे. सातवी-आठवीला ४०. तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, स्वाध्याय ही सगळी साधनं त्यात आहेत. पण कोणतं वापरायचं ते शिक्षक ठरवतात, मुलाला कुणी विचारत नाही. दोन-तीन रीती पुढे ठेवून त्यातली एक त्याला निवडू द्यावी, एवढंच माझं म्हणणं. दहा नकोत, भरलेल्या वर्गात एकट्या बाईंना ते झेपणार नाही.

मग लिहिणं सोडायचं का? मुळीच नाही. पत्र किंवा निबंध शिकायचा असेल तर लिहूनच दाखवावा लागेल. शिवाय डिसेंबर २०२३ मधल्या निर्णयाने पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा परत आली आहे. नापास मुलाला पुन्हा एक संधी मिळते, तीही हुकली तर त्याच वर्गात बसावं लागतं. म्हणून सांगणाऱ्या मुलाला सांगण्यावरच थांबवू नका. आधी बोलू द्या, मग चित्र काढून त्याला नावं द्यायला लावा, मग त्याच नावांची वाक्यं करून घ्या. भाकरी थापता थापता हे घरीही होतं.

शाळा व्यवस्थापन समितीत कायद्याने किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक हवेत, आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. आपल्यातल्या कितीतरी जणी तिथे सही करून चहा पिऊन येतात. पुढच्या बैठकीला आकारिक नोंदी बघायला मागा. या सत्रात तोंडी काय घेतलं, मुलांना निवड कुठे दिली, हे विचारा.

आणि एक. मूल हुशार आहे, पण वर्षानुवर्षं वाचताना अडखळतं, अक्षरं गाळतं, उलटी काढतं, तर त्याला आळशी म्हणू नका. विशिष्ट अध्ययन अक्षमता २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात धरलेली आहे. प्रमाणपत्र असलं तर बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ, गरजेप्रमाणे लेखनिक अशा सवलती मिळतात. तपासणीला आणि कागदपत्रांना वेळ लागतो. दहावीचा फॉर्म भरेपर्यंत थांबू नका, मुख्याध्यापकांना निदान आठवी-नववीतच भेटा.