मद्यासक्ताचे कुटुंब आणि स्वयंसाहाय्य गट

बोदवडसारख्या तालुक्याच्या गावी ‘स्वयंसाहाय्य गट’ हा शब्द उच्चारला, तर ऐकणाऱ्यास प्रथम स्त्रियांचा बचत गटच आठवेल. व्यसनोपचाराच्या क्षेत्रात मात्र या संज्ञेने निराळी गोष्ट अभिप्रेत असते. मद्यासक्ताच्या पत्नीने, मातेने वा मुलांनी समदुःखी माणसांबरोबर ठराविक दिवशी बसावे, स्वतःचा अनुभव सांगावा, दुसऱ्याचा ऐकावा आणि तेथील गोष्ट बाहेर नेऊ नये, एवढीच या गटाची घडण असते. असा गट नेमका कोणावरील उपचार होय, हा प्रस्तुत टिपणाचा विषय आहे.

या गटांचा उगम अमेरिकेतील. १९३५ मध्ये तेथे ‘अल्कोहोलिक्स अनॉनिमस’ ही मद्यमुक्त होऊ इच्छिणाऱ्यांची संघटना निघाली. तिच्या सभासदांच्या पत्नींची जी मंडळे ठिकठिकाणी जमत, त्यांना १९५१ मध्ये लोइस विल्सन व त्यांच्या एका मैत्रिणीने ‘अल्-अनॉन’ या नावाखाली एकत्र आणले. त्या काळी तज्ज्ञांची दृष्टी पत्नीस फारशी अनुकूल नव्हती. थेल्मा व्हेलन यांनी १९५३ मध्ये मद्यपींच्या पत्नींचे चार स्वभावप्रकार कल्पिले. पतीच्या व्यसनात पत्नीच्या मनोवृत्तीचाही वाटा असतो, असा त्या विवेचनाचा रोख होता. पुढच्याच वर्षी जोन जॅक्सन यांनी प्रश्नाची दिशा बदलली. सिअ‍ॅटलमधील पत्नींच्या अशाच एका गटाचे निरीक्षण करून त्यांनी दाखविले की, बाहेरून विकृत भासणारे हे वागणे बहुधा संकटाशी जुळवून घेण्याची धडपड असते. आरंभी व्यसन नाकारणे, मग ते सुटावे म्हणून झगडणे, पुढे घराची विस्कट, नंतर पतीला वगळून घराची नवी मांडणी, असे त्यांचे सात टप्पे आहेत.

यांतील शेवटचा टप्पा मला सर्वांत बोधप्रद वाटतो. पती मद्यमुक्त झाला की घर आपोआप सावरते, ही समजूत त्यात खोटी ठरते. कापसाच्या मुलखातील एखाद्या घराची कल्पना करावी. कापूस विकून आलेले पैसे, सावकाराचे देणे, मुलांची शाळा हे सारे पत्नी कित्येक वर्षे सांभाळीत आली आहे. आता शुद्धीवर आलेला पती कर्तेपण परत मागतो. ते किती व केव्हा द्यावे, हे तिला कोण सांगणार? सासर सांगेल, पण ते तटस्थ नसते. येथे त्याच वाटेने गेलेल्या दुसऱ्या स्त्रीचा अनुभव उपयोगी पडतो.

महाराष्ट्रात ही गोष्ट पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राने ओळखली. डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये स्थापिलेल्या या केंद्रात रुग्णांच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ हा गट चालविला गेला.

तथापि गटाकडून भलती अपेक्षा धरू नये. मिलर, मायर्स व टोनिगन यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात उपचारास नकार देणाऱ्या मद्यपींच्या १३० आप्तांना तीन निरनिराळ्या पद्धतींनी मार्गदर्शन केले. वर्तन कसे बदलावे याचे शिक्षण ज्या आप्तांना मिळाले, त्यांच्यापैकी ६४ टक्क्यांचे मद्यपी उपचारास आले. प्रत्यक्ष सामना घडविण्याच्या पद्धतीत ३० टक्के, तर अल्-अनॉनकडे वळविलेल्या आप्तांचे अवघे १३ टक्के. एवढ्यावरून गट निष्फळ म्हणणे घाईचे होईल. आप्तांची स्वतःची मनःस्थिती तिन्ही पद्धतींत सारखीच सुधारली, आणि अल्-अनॉनने मद्यपीस उपचारास आणण्याचे वचन कधी दिलेच नव्हते. गट हा कुटुंबावरील उपचार आहे. मद्यपीस वळविण्याचे कौशल्य समुपदेशकाने वेगळे शिकवावयास हवे.

बोदवडात असा गट काढावयाचा, तर बचत गटाची सवय साह्यकारी होईल आणि आडही येईल. गोलाकार बसून आळीपाळीने बोलणे स्त्रियांच्या अंगवळणी पडलेले आहे. परंतु बचत गटात हजेरी व रक्कम वहीत चढते, येथे काहीच लिहून ठेवावयाचे नसते. शिवाय जी शेजारीण तेथे कर्जास जामीन राहते, तिच्यासमोरच घरातील मारहाण सांगणे अवघड. अशा स्त्रीस गट गावात नसून भुसावळास असावा असे वाटले, तर त्यात नवल नाही. बोदवड लोहमार्गावर आहे. बाजारास म्हणून निघालेली बाई संध्याकाळपर्यंत घरी परतू शकते.