कच्ची उमेदवारी नको, पक्की करा!

दहावीनंतर दोन वर्षे आयटीआयमध्ये घालवली, वीजतंत्रीचे प्रमाणपत्र हाती आले. आता पुढे काय? समाजकार्याच्या निमित्ताने वस्त्यांतून फिरताना आईवडील हाच प्रश्न आमच्यापुढे ठेवतात. मुलाने त्याचे उत्तर बहुधा आधीच शोधलेले असते, ते म्हणजे इतवारी. येथील गल्ल्यांत मोटारी गुंडाळणारे, पंखे-कूलर दुरुस्त करणारे, घरांचे वायरिंग घेणारे कारागीर आहेत. नागपूरचा उन्हाळा सुरू झाला की त्यांना हात कमी पडतात. मुलगा कुणाच्या तरी ओळखीने 'हेल्पर' म्हणून चिकटतो.

तेथे काम शिकायला मिळते, हे आम्ही नाकारत नाही. चांगला कारागीर आवाजावरून मोटारीचा दोष ओळखतो. ती विद्या पुस्तकात नाही. पण करार नाही, हजेरी नाही, वेतनही मालकाच्या मर्जीवर. दोन-तीन वर्षांनी मुलगा कामात तरबेज होतो आणि एखाद्या कारखान्यात अर्ज करतो. तेथे विचारतात, "अप्रेंटिसशिप केली का?" त्याच्याजवळ दाखवायला कागदच नसतो. हीच कच्ची उमेदवारी!

कायदा काय सांगतो?

शिकाऊ उमेदवारांसाठी १९६१ चा कायदा आहे. २०१९ च्या नियमांप्रमाणे ३० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेला शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे. त्याच नियमांनी आयटीआय झालेल्या उमेदवाराचे विद्यावेतन महिना किमान ७,००० रुपये ठरवले. १९७३ च्या दुरुस्तीने या जागांत अनुसूचित जाती-जमातींसाठी आरक्षण आले आणि २००७ साली इतर मागासवर्गीयांनाही ते मिळाले. म्हणजे उमेदवारीची जागा ही कुणाची मेहेरबानी नव्हे. ज्यांच्या घरात दुकान नाही, कारखान्यात मामा-काका नाही, त्यांच्यासाठीच ही तरतूद आहे. परंतु मागितल्याशिवाय ती पदरात पडत नाही.

मालक कोठे शोधावा?

पहिली पायरी म्हणजे केंद्र सरकारच्या अप्रेंटिसशिप संकेतस्थळावर नोंदणी. दुसरी, आपल्या आयटीआयमधील शिकाऊ उमेदवारी विभागात चौकशी. कोणत्या आस्थापनेत जागा निघाल्या ते तेथे कळते. तिसरी, जाहिरातींवर नजर. दक्षिण पूर्व मध्य रेल्वेचा नागपूर विभाग आणि मोतीबाग वर्कशॉप वीजतंत्रींच्या जागा काढतात. निवड दहावी व आयटीआयच्या गुणांवर होते. म्हणून दहावीचे गुण 'आता काय कामाचे' असे समजू नये. महावितरण, कोराडी-खापरखेड्याची वीजकेंद्रे, वेस्टर्न कोलफिल्ड्स, अंबाझरीची आयुध निर्माणी, तसेच हिंगणा व बुटीबोरीचे कारखाने हीही ठिकाणे आहेत. जातीचा दाखला, गुणपत्रिका, आधार आणि बँकेचे खाते यांवर एकच नाव असावे. अशा लहान चुकीपायी अर्ज अडकतात.

इतवारीतच राहायचे असेल तर तोही मार्ग बंद नाही. चार किंवा अधिक माणसे असलेल्या छोट्या आस्थापनेलाही स्वेच्छेने उमेदवार घेता येतो. २०१६ च्या राष्ट्रीय योजनेत केंद्र सरकार विद्यावेतनाचा २५ टक्के, कमाल १,५०० रुपयांपर्यंत, भार उचलते. पुष्कळ दुकानदारांना हे ठाऊक नसते. मुलाने ते नम्रपणे सांगावे. वडील सोबत गेले तर उत्तम.

सही करण्यापूर्वी

करार नोंदला गेला की नाही, हे स्वतः पाहावे. उमेदवार १८ वर्षांखालील असेल तर पालकाची सही लागते. करारातील मुदत आणि विद्यावेतन वाचून घ्यावे. विजेचे काम जिवाशी खेळ आहे. लाइन बंद केल्याशिवाय आणि टेस्टरने तपासल्याशिवाय हात लावू नये, मग मालक कितीही घाई करो. नोंदलेल्या उमेदवाराला कामावर इजा झाली तर भरपाईची जबाबदारी कायद्याने मालकावर येते. कच्च्या उमेदवाराला मात्र आपण तेथे कामाला होतो, हे सिद्ध करण्यापासून सुरुवात करावी लागते.

उमेदवारी संपल्यावर मालकाने नोकरी दिलीच पाहिजे असे बंधन नाही, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. पण परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर मिळणारे राष्ट्रीय प्रमाणपत्र देशभर चालते. रेल्वेत उमेदवारी पूर्ण करणाऱ्यांना तर लेव्हल १ च्या थेट भरतीत २० टक्के जागा राखीव आहेत.

१९४२ ते १९४६ या काळात व्हाईसरॉयच्या मंडळात मजूर खाते सांभाळताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी देशाच्या वीजधोरणाचा पाया घातला. त्या विजेवर चालणाऱ्या कारखान्यांत आमची मुले, आणि मुलीसुद्धा, केवळ सामान उचलणारे हेल्पर म्हणून राहू नयेत. ज्या घरात आयटीआय झालेला मुलगा वा मुलगी आहे, त्या आईवडिलांनी याच आठवड्यात नोंदणी करून घ्यावी. फॉर्म भरता येत नसेल तर वस्तीतील शिकलेल्या तरुणांनी तासभर द्यावा. एवढे तरी आपण एकमेकांसाठी करू या.