पाळकाच्या हाती आलेले मनोविश्लेषण

ख्रिस्ती मंडळीच्या पाळकाने आपल्या माणसांचे दुःख, त्यांची अपराधभावना आणि मरणाचे भय यांना कसे सामोरे जावे, याचा पद्धतशीर विचार करणाऱ्या ज्ञानशाखेला पाळकीय ईशज्ञान म्हणतात. या शाखेची फ्रॉइडच्या मनोविश्लेषणाशी गाठ घालून देणारा पहिला महत्त्वाचा अभ्यासक म्हणजे झुरिकचा पाद्री ऑस्कर फिस्टर (१८७३–१९५६). पाद्र्याचाच मुलगा असलेल्या फिस्टरने १९०२ पासून १९३९ पर्यंत, म्हणजे सलग सदतीस वर्षे, झुरिकच्या प्रेडिगर चर्चमध्ये सेवा केली आणि मनोविश्लेषक म्हणून नाव झाल्यावरही व्यासपीठ सोडले नाही.

झुरिकच्या सुधारित चर्चमध्ये पाद्र्याच्या कानात पापांची कबुली देण्याचे बंधन नव्हते. त्यामुळे रविवारचे प्रवचन ऐकून घरी परतणाऱ्या माणसाच्या मनात काय सलते आहे हे कळण्याची ठरलेली वाटच पाळकाजवळ नव्हती, आणि तत्कालीन ईशज्ञान तर सिद्धान्तांच्या वादात गुंतलेले होते. मानसशास्त्राकडे होणाऱ्या या दुर्लक्षावर फिस्टरने १९०३ मध्येच टीका केली होती. १९०८ च्या सुमारास मनोरोगतज्ज्ञ युंगमुळे त्याला फ्रॉइडच्या लेखनाचा परिचय झाला, १९०९ च्या जानेवारीत पत्रव्यवहार सुरू झाला आणि त्याच वर्षी तो व्हिएन्नाला फ्रॉइडच्या घरी जाऊन आला. मनोविश्लेषण स्वतः धार्मिकही नाही आणि धर्मविरोधीही नाही, ते पीडितांच्या सेवेसाठी कोणीही वापरावे असे निःपक्षपाती साधन आहे, असे फ्रॉइडने त्याला सुरुवातीलाच कळवले होते. फिस्टरच्या पुढच्या साऱ्या कार्याला हा जणू परवानाच मिळाला.

मनोविश्लेषणानुसार नकोशा वासना व आठवणी जाणिवेबाहेर ढकलल्या जातात, या क्रियेला निरोधन म्हणतात. फिस्टरच्या मते धर्मातील पुष्कळसे कर्मठपण आणि पापाची सततची धास्ती अशा निरोधनातून उपजते, आणि अशा माणसाला अधिक उपदेश केल्याने गाठ सुटण्याऐवजी घट्ट होते. १९१३ मध्ये त्याने मनोविश्लेषणाच्या पद्धतीवर लिहिलेल्या विस्तृत ग्रंथाला स्वतः फ्रॉइडने प्रस्तावना लिहिली.

मात्र साधन हाती आले की त्याचा मोह आवरणे अवघड जाते, आणि फिस्टरही त्याला अपवाद नव्हता. लिओनार्दो दा विंचीच्या बालपणीच्या एका आठवणीत फ्रॉइडने गिधाडाचे प्रतीक शोधले होते. लिओनार्दोच्या संत ॲनच्या चित्रात मेरीने पांघरलेल्या निळ्या वस्त्राच्या घड्यांतून गिधाडाचा आकार दिसतो, असे फिस्टरने १९१३ मध्ये दाखवले आणि फ्रॉइडनेही त्याची नोंद आपल्या पुस्तकाच्या नव्या आवृत्तीत घेतली. प्रत्यक्षात लिओनार्दोने लिहिलेला इटालियन शब्द घारीचा होता, गिधाड भाषांतराच्या चुकीतून आले होते; तरीही एकदा सांगितल्यावर ते घड्यांत दिसते खरे!

फ्रॉइडशी जडलेल्या मैत्रीचा खरा कस १९२७ मध्ये लागला. धर्म हा इच्छापूर्तीसाठी रचलेला भ्रम आहे, असे मांडणारे ‘एका भ्रमाचे भवितव्य’ हे पुस्तक फ्रॉइडने प्रसिद्ध केले, तेव्हा फिस्टरने त्याच्या शीर्षकाची उलटापालट करून ‘एका भवितव्याचा भ्रम’ हे उत्तर १९२८ मध्ये लिहिले, आणि तेही फ्रॉइडच्याच ‘इमागो’ या नियतकालिकात छापले गेले. विज्ञान माणसाला तारील हीही एक इच्छाच आहे, हा त्यातील मुद्दा मार्मिक आहे. पण धर्मश्रद्धा सत्य कशी ठरते याचे उत्तर त्यात फारसे मिळत नाही. मैत्री मात्र तुटली नाही.

डॉक्टरांशी जमवून घेणे अधिक कठीण गेले. १९१९ मध्ये स्थापन झालेल्या स्विस मनोविश्लेषण संस्थेच्या संस्थापकांत फिस्टर होता; परंतु वैद्यकीय पदवी नसलेल्यांनी विश्लेषण करावे की नाही, या वादात तिच्यात फूट पडली आणि १९२८ मध्ये काही डॉक्टरांनी केवळ डॉक्टरांसाठी वेगळी संस्था काढली. त्या वादात फिस्टरची काम करण्याची पद्धतही टीकेचा विषय झाली होती.

सत्तरी ओलांडल्यावर, १९४४ मध्ये, त्याने ‘ख्रिस्ती धर्म आणि भय’ हा आपला मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला; भय वाढले की प्रेम आटते आणि त्याच्या जागी सिद्धान्ताचा व कर्मकांडाचा काच येतो, असे त्याचे प्रतिपादन आहे. त्यानंतर तीन वर्षांनी त्याने ज्याच्या शिकवणीवर सुधारित चर्चची परंपरा मोठ्या प्रमाणात उभी आहे त्या कॅल्व्हिनकडेच मोर्चा वळवला, आणि १५४५ मध्ये जिनिव्हाजवळच्या पेने येथे चाललेल्या चेटकिणींच्या खटल्यांत कॅल्व्हिनने काय केले, यावर स्वतंत्र पुस्तक लिहिले.